'काउंटी सीट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका गावाच्या इतिहासाचा अनुवाद करताना 'काउंटी सीट'ला 'काउंटीची जागा' म्हणावे की 'काउंटीची राजधानी'?

काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आणि तिचा कारभार ज्या गावातून चालतो ते 'काउंटी सीट'. वरचे दोन्ही शब्द नकोत. 'जागा' म्हटले की निवडणूक आठवते. 'मुख्यालय' चालेल, पण त्याने डोळ्यांपुढे इमारत येते, गाव येत नाही. आपण 'जिल्ह्याचे ठिकाण', 'तालुक्याचे ठिकाण' म्हणतो, तसे सरळ 'काउंटीचे ठिकाण' म्हणावे. जुन्या कागदांत खेड्याला 'मौजे' आणि बाजारपेठेच्या, कारभाराच्या गावाला 'कसबे' लावत. अर्थाने 'कसबा' फारच जवळचा, पण आजचा वाचक तो शब्द ऐकून थेट पुण्यातल्या पेठेत पोचतो.

'राजधानी'ने केवढा घोळ होतो ते इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डवरून कळेल. 1821 मध्ये सँगमन काउंटी झाली. त्याच एप्रिलमध्ये आयुक्तांनी जॉन केलीच्या शेताजवळ खुंट रोवून काउंटीचे तात्पुरते ठिकाण नेमले. कोर्टासाठी येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय होईल इतकी घरे तिथेच होती. 1823 मध्ये भूखंड आखले गेले तेव्हा गावाचे नाव कॅल्हून ठेवले होते. ते टिकले नाही. 1825 मध्ये ठिकाण कायम झाले. राज्याची राजधानी व्हँडेलियाहून इथे आणायचे ठरले ते 1837 मध्ये. म्हणजे 1821च्या वाक्यात 'राजधानी' लिहिली तर सोळा वर्षांची चूक होते.

याच कारणाने 'गावाची स्थापना 1821' असेही लिहू नये. केलीचे घर आधीपासून होते. ठिकाण नेमले, भूखंड आखले, ठिकाण कायम केले, ही तीन वेगळी कामे आहेत आणि मराठीत तिन्हींना क्रियापदे आहेत. मूळ लेखात वर्ष कोणत्या कामाचे दिले आहे ते आधी पाहावे.

'कोर्टहाउस'साठी मला 'न्यायालय' अपुरे वाटते. तिथे खटले चालत, तसाच काउंटीचा कारभारही चाले, म्हणून 'कचेरी'. स्प्रिंगफील्डची पहिली कचेरी एकमजली, 20 फुटी ओंडक्यांची होती, आणि ते ओंडक्यांचे काम केलीनेच 42 डॉलर 50 सेंटला घेतले होते. पुढे चौकातली विटांची कचेरी पाडून तिथे राज्याचे विधानभवन बांधले गेले आणि 1876 मध्ये तेच विधानभवन काउंटीची कचेरी झाले. या वाक्यात 'कचेरी'च्या जागी 'न्यायालय' घालून वाचून पाहा, अर्धा अर्थ गळतो.