बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली, मग पुन्हा तपासणी कशाला?

‘मॅडम, डिलिव्हरी झाली, इन्सुलिन बंद झालं. आता सुटले ना मी?’ गरोदरपणात मधुमेह झालेल्या बहुतेक जणी हे कधी ना कधी विचारतातच. अशाच एकीची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिशी ओलांडलेली पहिलटकरीण. सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन केलेल्या चाचणीत मधुमेह निघाला, शेवटी इन्सुलिनही लागलं. बाळ झाल्यावर साखर उतरली. ‘सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची चाचणी’ असं फाईलवर स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्याकडे आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं झालं होतं आणि चाचणी राहून गेलेली.

ती निष्काळजी मुळीच नव्हती. वडिलांच्या ग्लुकोमीटरवर अधूनमधून सकाळची साखर बघायची. ९०, ९२, ९५. सगळं वहीत टिपलेलं. मग लॅबमध्ये का गेली नाही? बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘आईला रोज इन्सुलिन टोचताना बघत मोठी झाले. रिपोर्ट हातात येत नाही तोवर मला मधुमेह नाही, एवढाच आधार वाटतो.’

या भीतीवर ‘काही होत नाही गं’ म्हणणं मला पटत नाही. शरीरात काय घडलं ते नीट सांगावं. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेकींचं ते बनवतं, काहींचं कमी पडतं. वार पडली की ती हार्मोन्स जातात, साखर उतरते. पण कमी पडलेलं स्वादुपिंड तेच राहतं. म्हणून पुढे टाईप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या मानाने कितीतरी जास्त. २०२० मधल्या एका मोठ्या आढाव्यात ती सुमारे दहापट दिसली. शक्यता म्हणजे निकाल नव्हे, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

सकाळची साखर चांगली असूनही ग्लुकोज घेतल्यावर ती चढलेली असू शकते, आणि आपल्याकडे हे बरंच दिसतं. म्हणून उपाशीपोटी एकदा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी पुन्हा, अशी चाचणी हवी. दोन तासांचा आकडा १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. (बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, अंगात लोह कमी असतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या चाचणीवर विसंबू नये.) बाळाची दीड महिन्याची लस आणि आईची ही चाचणी एकाच आठवड्यात येते. लस कुणी चुकवत नाही. आईचीही चाचणी त्याच फेरीत उरकावी, असं मी आता प्रत्येकीच्या घरच्यांना सांगते.

तिचा रिपोर्ट आला: उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १६२. ती रडली, मग वही उघडून म्हणाली, ‘सांगा, काय करू?’

आईही सोबत होत्या. त्यांना वाटलं, आता मी लाडूच बंद करणार. मी म्हटलं, ‘काकू, डिंक, मेथी, अळीव राहू द्या. गूळ निम्मा करा, लाडू सुपारीएवढा वळा, आणि त्यावर पुन्हा पोहे-साखरेचा चहा नको.’ गूळ घातला म्हणजे साखर वाढत नाही हा समज मात्र सोडावाच लागतो. अंगावर पाजणाऱ्या आईने उपाशी राहायचं नाही. पहिल्या सहा महिन्यांत तिला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्या भातातून आणि शिऱ्यातून न येता मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, अंडी, ताक, शेंगदाणे यांतून याव्यात, एवढंच. ताटातली उसळ-भाजी आधी, पोळी-भात नंतर. आणि पाजणं जमेल तितकं चालू ठेवायचं. त्यानेही आईचा मधुमेहाचा धोका कमी होतो.

व्यायामाचं नाव काढताच ती हसली. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला जिमला जा म्हणणं अन्यायच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं ठरलं, आणि तेवढा वेळ बाळ आजोबांकडे. हे मी नवऱ्यासमोर आणि आजोबांसमोर ठरवून घेतलं, कारण घरातून वेळ मिळाला नाही तर सल्ला कागदावरच राहतो.

अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासात, पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेल्या ज्या बायकांनी आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचं लक्ष्य ठेवलं, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यांच्या त्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं उलटली होती. ज्यांची मुलं आता शाळेत आहेत आणि चाचणी कधी झालीच नाही, त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

वर्षभरात तिचं वजन पाच किलोंनी उतरलं. पुढच्या चाचणीत दोन तासांचा आकडा १३४ आला. चाचणी मात्र दरवर्षी होणार, लेकीच्या वाढदिवसाच्या महिन्यात. दुसऱ्या बाळाचं तिने विचारलं तेव्हा सांगितलं: जरूर होऊ दे, फक्त दिवस राहण्याआधी साखर तपासून घे, आणि राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ही फाईल दाखव, सातव्या महिन्याची वाट बघू नकोस.