'पेरेमेन' : बदल नेमका कुणाचा?

प्रश्न : आमच्या कॉलेजची पोरं गॅदरिंगला 'पेरेमेन' हे रशियन रॉक गाणं बसवतायत. सोव्हिएत सरकार पाडायला लिहिलेलं ते गाणं म्हणे. खरं का? उच्चारही सांगा.
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : पाडायला वगैरे नाही. 'किनो' बँडच्या विक्टर त्सोयनं १९८६ मध्ये लेनिनग्राड रॉक क्लबच्या महोत्सवात ते गायलं. त्याच सुमारास तो एका बॉयलरघरात कोळसा टाकायचं काम करी. गाण्यात घोषणा जवळपास नाहीच. उबेऐवजी काचेचा हिरवेपणा, आगीऐवजी धूर, हातात सिगारेट, टेबलावर चहा. आणि ध्रुवपदात, आमची मनं 'पेरेमेन', म्हणजे बदल, मागतायत. तो बदल माणसाच्या आतला, असंच त्सोयचं म्हणणं होतं. लोकांनी मात्र ते पेरेस्त्रोइकाला, म्हणजे गोर्बाचेव्हच्या त्या काळच्या सुधारणांना, चिकटवलं. त्याला कारण 'अस्सा' (१९८७) हा सिनेमा. शेवटी त्सोय हॉटेलात गायला लागतो, आणि बघता बघता समोर अंधारात हजारोंची गर्दी उभी! १९९० मध्ये तो मोटार अपघातात गेला. २०२० साली बेलारूसच्या आंदोलकांनी हेच गाणं उचललं.

उच्चाराचं म्हणाल तर 'पिरिम्येन', जोर शेवटच्या 'म्येन'वर. आपली पोरं पहिल्या अक्षरावर आपटतात आणि ठेका घसरतो. दुसरी गोची 'मी' या शब्दाची. रशियनमध्ये त्याचा अर्थ 'आम्ही'! त्यातला स्वर जीभ मागे ओढून, 'इ' आणि 'उ'च्या मधे काढायचा. ओठ गोल करायचे नाहीत.