समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ आहे, मग शिंपल्यांना धोका कसला?

तुमचा प्रश्न असा की समुद्राचा पीएच अजून ८.१ च्या आसपास आहे म्हणजे पाणी अल्कलीच (आम्लाच्या उलट) आहे, मग अ‍ॅसिडिफिकेशनची (पाणी आम्लतेकडं झुकण्याची) एवढी चर्चा कशाला. मी सांगलीत माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं हा प्रश्न फार जवळचा वाटला. तासगावकडचे द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा पीएच जरा इकडंतिकडं झाला तरी अस्वस्थ होतात, आणि बरोबरच आहे त्यांचं, कारण पीएच म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं, म्हणजे आम्लतेचं माप, आणि ते लॉग स्केलवर असतं, एक अंक उतरला की आयन दहापट होतात. कारखानदारी सुरू झाल्यापासून समुद्राचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आलाय, दिसायला ०.१, पण हायड्रोजन आयन साधारण २६ टक्क्यांनी वाढलेत! पीएच ७ च्या खाली जायची, म्हणजे पाणी खरंच आम्ल व्हायची, वाट बघायची गरजच नाही.

खरी अडचण कार्बोनेटची. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो, त्याचं कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, त्यातनं सुटलेले हायड्रोजन आयन कार्बोनेटला धरतात आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात, आणि शिंपले, कालवं, प्रवाळ यांना कवच नाहीतर सांगाडा बांधायला कॅल्शियमबरोबर नेमकं कार्बोनेटच पाहिजे असतं. कॅल्शियम समुद्रात भरपूर आहे हो, कार्बोनेट कमी पडतंय.

सगळ्यात हाल पिल्लांचे. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास एका हॅचरीत (पिल्लं तयार करायच्या केंद्रात) कालवांची पिल्लं लाखोंनी मरायला लागली, आधी जंतूंवर संशय होता, नंतर कळलं की खोलातनं वर येणारं कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं पाणी टाकीत येतंय. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लू अंड्यातल्या शिदोरीवरच कवच बांधतं, त्यात जास्त एनर्जी गेली की संपलं. मग ते पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, टाकायला लागले. टाकीत जमतं, समुद्रात कोण टाकणार.

प्रवाळाबद्दल एक सांगतो, ते पांढरं पडतं ते मुख्यतः पाणी तापल्यामुळं, आत राहणारं शेवाळ बाहेर पडतं म्हणून, अ‍ॅसिडमुळं नाही. आपल्या मालवणच्या प्रवाळावरही हे संकट आलेलं आहे. पण तापून मेलेला रीफ (प्रवाळाची रांग) परत उभा राहायचा तर नवीन सांगाडा बांधावा लागतो, आणि तिथंच कमी झालेलं कार्बोनेट आडवं येतं.