बाईकवर मोबाईलच लावू की वेगळं जीपीएस घेऊ? पुणे-दापोली प्रवासात मोबाईलने पार रडवलं

तुमच्या तीन तक्रारी आहेत. चार्जिंगला लावूनही ताम्हिणी उतरेपर्यंत मोबाईल १५ टक्क्यांवर आला. पाऊस लागल्यावर स्क्रीन आपोआप सरकायला लागली. आणि माणगावच्या अलीकडे निळा ठिपका रस्ता सोडून शेतात शिरला. पुढच्या जूनमध्ये लडाखला जायचंय, म्हणून गार्मिनचं झुमो, म्हणजे खास बाईकसाठीचं जीपीएस, घ्यावं का, असा प्रश्न आहे.

घाई करू नका. स्क्रीनचा त्रास झुमोने जाईल. चार्जिंगचा त्रास मात्र तुमच्या बाईकच्या वायरिंगमधला वाटतो, आणि तेच वायरिंग राहिलं तर नव्या यंत्रालाही तो भोगावा लागेल.

माझंही हेच झालं होतं. रस्त्याकडेच्या दुकानात वीस मिनिटांत यूएसबी सॉकेट बसवून घेतलं. विजेचं चिन्ह दिसायचं, म्हणजे चार्ज होतंय असं मी धरून चालायचो, आणि बॅटरी मात्र दर तासाला उतरलेली. शेवटी एका रविवारी टाकी काढली. आत काळ्या टेपचा बोराएवढा गोळा निघाला. त्या पठ्ठ्याने पार्किंग लाइटची वायर सोलून तिच्यावर दुसरी नुसती पिळून ठेवली होती, ना सोल्डर ना फ्यूज. तांबं हिरवं पडलेलं. ब्रेक दाबला की चार्जिंगचं चिन्ह क्षणभर जायचं, ते मी इतके दिवस खड्ड्यांच्या नावावर खपवत होतो.

हिशोब साधा आहे. जुन्या धाटणीचं यूएसबी सॉकेट ५ व्होल्टला १ अँपिअर देतं, म्हणजे ५ वॅट. उन्हात दिसावी म्हणून स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू, ब्लूटूथ चालू, घाटात नेटवर्क शोधण्याची धडपड वेगळीच. एवढ्यात ते ५ वॅट संपतात. त्यात केबल लांब आणि बारीक असली की वाटेतच गळती. चार्जिंग ‘होतंय’, पण खर्च जमेपेक्षा जास्त आहे.

म्हणून आधी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवेल, गाडी चालू करून थोडी रेस दिलीत की १३.५ ते १४.४. आता तेच माप सॉकेटकडे येणाऱ्या वायरवर घ्या, मोबाईल जोडलेला असताना. तिथे बॅटरीपेक्षा एक व्होल्टही कमी दिसला तर जोड खराब आहे. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून थेट बॅटरीवरून फ्यूज लावून वायर ओढून घ्या आणि मध्ये रिले (चावीवर चालणारा विजेचा स्विच) टाका, म्हणजे चावी काढली की सॉकेट बंद होईल. रिले नसेल तर गाडी दोन आठवडे उभी राहिल्यावर बॅटरी उतरते आणि स्टार्टर नुसता टिकटिक करतो. ते मी भोगलंय. सॉकेट किमान १८ वॅटचं घ्या आणि केबल जितकी आखूड तितकी बरी.

पावसाचं दुखणं निराळं. मोबाईलच्या स्क्रीनला बोट आणि थेंब यातला फरक नीट कळत नाही. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घातला तर आत वाफ धरते आणि मोबाईल तापतो. चार्जिंगच्या खाचेत पाणी गेलं की बरेच मोबाईल स्वतःहून चार्जिंग नाकारतात, आणि ते बरोबरच आहे. त्या वेळी केबल खुपसत बसू नका. मुसळधार पावसात मी मोबाईल जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो आणि हेल्मेटच्या स्पीकरवर सूचना ऐकतो. आवाज येत नसेल तर मॅप्सच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथवरून आवाज देण्याचा पर्याय बंद राहिलाय का ते पाहा, दहापैकी आठदा तेच असतं.

ठिपका शेतात का गेला? नेटवर्क गेल्यामुळे नाही. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, नेटवर्क नसताना अडतं ते नकाशाचं चित्र आणि नवा मार्ग. ठिपका भरकटतो तो एका बाजूच्या कड्यामुळे, कारण निम्मं आकाश झाकलं जातं आणि सिग्नल दगडावर आपटून उशिरा पोचतो. दुसरं कारण म्हणजे तुमची बॅटरी १५ टक्क्यांवर होती. तिथे बॅटरी सेव्हर चालू झाला असणार, आणि तो बऱ्याच मोबाईलमध्ये लोकेशनवरच कात्री चालवतो. म्हणजे तुमची तिसरी तक्रार बहुधा पहिलीतूनच आली आहे.

नेटवर्क नसलेल्या ठिकाणी सुरुवात करताना एक मिनिट मोकळ्यावर थांबत जा. उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे सांगतो, तो पूर्ण ऐकायला साधारण अर्धा मिनिट लागतं. मध्येच झाडाखाली शिरलात की पुढच्या फेरीची वाट पाहा. एरवी मोबाईल ही माहिती नेटवरून पटकन उचलतो, म्हणून शहरात हे जाणवत नाही.

आता निवड. रोजचा महागडा मोबाईल हँडलवर लावू नका. ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली की मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. माझ्या मोबाईलचं (कंपनी वेगळी) तेच झालं. फोटो काढताना समोरचं घर पाण्यात हलल्यासारखं दिसायचं आणि आतून बारीक किरकिर यायची. दुरुस्तीच्या पैशात कंपन झेलणारे चार माउंट आले असते. तुमच्यासाठी माझं मत असं: घरात पडलेला जुना मोबाईल, शक्यतो साध्या कॅमेऱ्याचा, कंपन झेलणाऱ्या माउंटवर कायमचा लावा. इंटरनेट खिशातल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून द्या.

झुमो एक्सटी हे यंत्र म्हणून उत्तम आहे. हातमोज्यांनी चालतं, भर उन्हात वाचता येतं, पावसाला घाबरत नाही. पण वर्षातून एक मोठी आणि चार छोट्या सहली, एवढ्यासाठी मी घेणार नाही. वर्षाला महिना-दोन महिने रस्त्यावर असाल तर घ्या. परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर त्यात भारताचा नकाशा आहे का ते आधी विचारा, अमेरिकेतल्या यंत्रात उत्तर अमेरिकेचाच असतो. ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा त्यात टाकता येतो, पण ते काम संध्याकाळ खातं. रॉयल एनफिल्डचं ट्रिपर, म्हणजे बाईकच्या मीटरशेजारची दिशा दाखवणारी छोटी स्क्रीन, हा तिसरा पर्याय, पण तेही खिशातल्या मोबाईलच्या जिवावर चालतं, मोबाईल मेला की तेही मुकं.

लडाखसाठी दोन गोष्टी. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, म्हणून पोस्टपेड करून घ्या. आणि ऑफलाइन नकाशे इथूनच उतरवा, मी गूगल मॅप्सच्या जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स ठेवतो. कुणी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र देऊ केलं तर नको म्हणा. इरिडियम किंवा थुराया या उपग्रह सेवांवर चालणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, यावरून विमानतळांवर लोक पकडले गेलेत.

आणि निघताना मॅप्समध्ये दुचाकीचा मोड निवडलाय ना ते बघा. भारतात तो २०१७ पासून आहे, तरी निम्मे लोक कारच्याच मोडवर फिरतात. कारचा मोड राहिला तर लडाखच्या पहिल्याच सकाळी, पुण्याबाहेर किवळ्याला, मॅप्समधली बाई गोड आवाजात तुम्हाला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चढायला सांगेल. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि चढल्यावर मागे वळायला जागा नाही.