रिकामी स्ट्रिंग आणि नल: तीन डेटाबेसवर एकच नियम कसा पाळावा

आपला प्रश्न मला असा समजला: एकच प्रोग्राम काही ग्राहकांकडे ओरॅकलवर, काहींकडे पोस्टग्रेसवर आणि काहींकडे एसक्यूएल सर्व्हरवर चालवायचा आहे, पण फॉर्ममधला न भरलेला रकाना कुठे नल (किंमतच नाही अशी खूण) म्हणून साठतो तर कुठे रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर, '') म्हणून, आणि त्यामुळे तोच अहवाल ठिकठिकाणी वेगळे आकडे दाखवतो. मी बेळगावचा. खानापूर, निपाणी आणि पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडपर्यंतच्या पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचा डेटा मी सांभाळतो, त्यामुळे ही अडचण मला रोजची आहे.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. मजकुराच्या कोणत्याही कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग साठवूच नये. रिकामे आले की डेटाबेसमध्ये शिरण्यापूर्वी त्याचे नल करावे, आणि "माहीत नाही" व "मुळात नाहीच" हा भेद जिथे कामाचा असेल तिथे तो वेगळ्या कॉलममध्ये स्पष्ट लिहावा.

उलट दिशेने, म्हणजे सगळीकडे "नॉट नल" (नल चालणार नाही ही अट) लावून रिकामी स्ट्रिंग साठवण्याचा नियम का करू नये, असे आपण विचाराल. तो मार्ग ओरॅकलने बंद केलेला आहे. ओरॅकलच्या व्हारकॅर२ म्हणजे मजकुराच्या कॉलममध्ये आपण '' घातले की ते नलच होते. कॉलमवर "नॉट नल" असेल तर तीच नोंद चूक म्हणून परत येते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट हे सगळे या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. जो भेद एका डेटाबेसला साठवताच येत नाही त्याच्या भरवशावर सामाईक प्रोग्राम लिहिता येत नाही, म्हणून दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे उरतच नाही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ साली अशा डेटाबेससाठी मांडलेल्या बारा नियमांपैकी तिसरा नियम नल हे रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा आणि शून्यापेक्षा वेगळे असले पाहिजे असे सांगतो, आणि तत्त्व म्हणून तो मला पूर्णपणे मान्य आहे. ओरॅकलच्या अधिकृत माहितीतही ही वागणूक पुढे कदाचित बदलेल, तेव्हा दोन्ही एकच समजून चालू नका, असा इशारा दिलेला आहे. तरीही आज आपल्या हातात जे आहे त्यावर नियम बांधावा लागतो.

हा प्रश्न माझ्यापर्यंत कसा पोहोचला ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडेही बहुधा तेच घडेल. एका संस्थेचा डेटा आम्ही ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर नेला. पासबुकावर छापायचे पूर्ण नाव क्वेरीमध्येच, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागणाऱ्या आज्ञेतच, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन कॉलम || या चिन्हाने जोडून तयार होत असे. ओरॅकलमध्ये जोडताना एखादा तुकडा नल असला तर तो गळतो आणि बाकीचे नाव छापले जाते. पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खी जोड नल होते. आमच्या भागात बऱ्याच सभासदांना मराठी पद्धतीचे आडनाव नसते; गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर पुढे लावून नाव सांगणारी कन्नड कुटुंबे आहेत, आणि एकेरी नावावर खाते असलेल्या जुन्या पिढीतल्या बायका आहेत. मायग्रेशननंतरच्या पहिल्या सोमवारी अशीच एक आजी नवे पासबुक घेऊन काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, पैसे हाईत खरं, माझं नावच नाही की वो हितं." शिल्लक, खाते क्रमांक, तारीख सगळे बरोबर छापले होते, नावाची ओळ कोरी होती. बँकेच्या कागदावर स्वतःचे नाव नसणे त्या बाईंना किती लागले असेल हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. चाचणीसाठी आम्ही घेतलेल्या सगळ्या नमुना सभासदांना तिन्ही नावे होती, त्यामुळे हा दोष आम्हाला आधी दिसलाच नाही.

तेव्हापासून नाव जोडण्याचे काम मी क्वेरीतून काढून प्रोग्राममध्ये नेले आहे. क्वेरीतच जोडणे भाग असेल तर प्रत्येक तुकड्याला कोअलेस (नल आल्यास दुसरी किंमत देणारे फंक्शन) लावून नलच्या जागी '' द्यावे. ओरॅकलमध्ये त्या '' चे पुन्हा नल होईल, पण तिथे जोडताना नल गळत असल्याने नुकसान होत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये + ने जोडताना नल सगळे गिळतो, तर कॉन्कॅट फंक्शन नलला रिकामे मानते. मायएसक्यूएलमध्ये मात्र त्याच नावाचे कॉन्कॅट एक नल मिळताच नल परत करते. एकाच नावाचे फंक्शन दोन ठिकाणी उलट वागते, म्हणून फंक्शनच्या नावावर विश्वास ठेवू नये.

तुलनेबाबत कडक नियम ठेवा: कोणत्याही क्वेरीत कॉलम = '' असे लिहू नये. ओरॅकलमध्ये ही अट कधीच खरी ठरत नाही, आणि लांबी शून्य आहे का असे विचारले तरी उत्तर मिळत नाही, कारण रिकाम्या मजकुराची लांबीच नल येते. डेटाबेसमध्ये रिकामी स्ट्रिंग कुठेच नसेल तर "इज नल" ही एकच चाचणी सगळीकडे पुरते, आणि माझ्या मते या नियमाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. "आडनाव पाटील नाही" अशी अट लावल्यावर आडनाव नल असलेले सभासद सर्वच डेटाबेसमध्ये यादीतून गळतात, आणि "नॉट इन" च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तर पूर्ण रिकामे येते. इथे सगळे सारखे वागत असल्याने एकदा शिकले की काम भागते. दोन कॉलम नल धरून जुळवायचे असतील तर पोस्टग्रेसमध्ये "इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम", मायएसक्यूएलमध्ये <=>, ओरॅकलमध्ये डीकोड आहे, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय २०२२ च्या आवृत्तीपासून आली.

आता दरवाजाचे, म्हणजे डेटा आत येण्याच्या वाटेचे काम. फॉर्म, मोबाइल ॲप, एक्सेलवरून आयात, जुन्या डेटाचे मायग्रेशन या सगळ्यांनी मजकूर एकाच फंक्शनमधून पाठवला पाहिजे, आणि त्या फंक्शनने कडेच्या जागा छाटून काही उरले नाही तर नल द्यावे. इथे आपल्यासारख्या देवनागरीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. मराठीतला "ऱ्य" किंवा कन्नडमधली काही जोडाक्षरे टाइप करताना शून्य रुंदीची अदृश्य चिन्हे वापरली जातात. युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक २००सी आणि २००डी असे आहेत. अक्षरे पुसली तरी हे चिन्ह रकान्यात मागे राहू शकते. पडद्यावर रकाना कोरा दिसतो, कडेच्या जागा छाटणाऱ्या साध्या ट्रिम फंक्शनने ते चिन्ह जात नाही, आणि लांबी विचारली तर एक येते. म्हणून छाटणीच्या फंक्शनमध्ये ही दोन चिन्हे आणि न तुटणारी जागा कडेला असतील तर तीही काढावीत. मात्र शब्दाच्या मधली चिन्हे काढू नयेत, कारण तिथे ती अक्षराचे रूप ठरवतात.

दरवाजा चुकवून कोणी थेट टेबलात लिहिलेच तर डेटाबेसने नकार द्यावा, यासाठी चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसने प्रत्येक नोंदीवर तपासायची अट, लावावा. "कॉलम <> ''" ही अट पोस्टग्रेसमध्ये रिकामी स्ट्रिंग अडवते आणि नलला जाऊ देते, कारण चेकचे उत्तर अज्ञात आले तर नोंद स्वीकारली जाते. एसक्यूएल सर्व्हर तुलनेत शेवटच्या जागा मोजत नसल्याने तिथे हीच अट नुसत्या जागांनी भरलेला रकानाही अडवते. ओरॅकलमध्ये ती निरुपद्रवी असते आणि निरुपयोगीही. तिथे नुसत्या जागा अडवायच्या तर "कॉलम नल आहे, किंवा ट्रिम केलेला कॉलम नल नाही" असे लिहावे लागते. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक वाचत असत पण पाळत नसत, हेही ध्यानात ठेवावे.

युनिक कन्स्ट्रेंटने, म्हणजे एकच किंमत दोन नोंदींत नको या अटीने, आम्हाला बराच काळ छळले. मोबाइल क्रमांक दुसऱ्या कोणाचा नसावा म्हणून त्या कॉलमवर युनिक लावले होते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकल अशा कॉलममध्ये कितीही नल चालवून घेतात, पण एसक्यूएल सर्व्हर एकच नल स्वीकारतो. त्यामुळे मोबाइल नसलेला दुसरा सभासद आला की नोंद अडत असे, आणि समोर रांग उभी असताना क्लार्कने काहीतरी टाइप करून मार्ग काढला. नंतर त्या कॉलममध्ये "-", "नाही", कन्नड शाळेत शिकलेल्या मुलांनी लिहिलेले "इल्ल", "एनए", दहा शून्ये, नऊ शून्ये आणि शेवटी एक, असे सगळे सापडले. यात दोष क्लार्कचा नाही, आम्ही त्याला प्रामाणिक उत्तर लिहायला जागा ठेवली नव्हती. एसक्यूएल सर्व्हरवर नल वगळून केलेला फिल्टर्ड इंडेक्स लावला की हा प्रश्न सुटतो.

प्रामाणिक उत्तराची ही जागा म्हणजेच वेगळा कॉलम. आमच्याकडे पॅन क्रमांकाच्या शेजारी पॅनची स्थिती नावाचा, नल न चालणारा कॉलम आहे, आणि त्यात क्रमांक दिला, पॅन नाही म्हणून फॉर्म ६० घेतला, अजून विचारले नाही, अशा तीनच किमती असतात. जमिनीच्या उताऱ्यालाही तेच लागू केले: एखाद्या सभासदाची शेती चंदगडला असेल तर सातबारा येतो, बेळगाव तालुक्यात असेल तर आरटीसी, म्हणजे पहाणी पत्रक येते, आणि काहींची दोन्हीकडे असते. सातबाऱ्याचा रकाना कोरा असणे म्हणजे कागद आणायचा राहिला की त्या बाजूला जमीनच नाही, हे नल किंवा '' पाहून कोणालाही कधीच सांगता येणार नाही, मग डेटाबेस कोणताही असो.

फायलींबद्दल थोडक्यात. पोस्टग्रेसची कॉपी आज्ञा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) वाचताना दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसले तर नल धरते आणि अवतरण चिन्हांची रिकामी जोडी असली तर रिकामी स्ट्रिंग. मायएसक्यूएलची लोड डेटा आज्ञा न भरलेल्या मजकुराची रिकामी स्ट्रिंग करते. मध्ये एक्सेल आले की अवतरण चिन्हांचा भेद पुसला जातो, तेव्हा फायलीतल्या कोऱ्या जागेवर कोणताही अर्थ लादू नये. तारखांबाबत अधिक जपावे: एसक्यूएल सर्व्हर '' ची तारीख करताना चूक दाखवत नाही, १ जानेवारी १९०० देतो. आमच्या एका आयातीत जन्मतारीख न दिलेले तरुण सभासद अशा रीतीने ज्येष्ठ नागरिक ठरले आणि त्यांच्या ठेवींना वाढीव व्याजदर लागला; महिनाअखेरीस व्याजाचा ताळा जुळेना तेव्हा ते उघडकीस आले.

जुन्या डेटावर हा नियम लावताना क्रम असा ठेवा की आधी दरवाजाचे फंक्शन चालू करावे, म्हणजे नवीन घाण यायची थांबते. मग प्रत्येक कॉलममधल्या रिकाम्या स्ट्रिंग, नुसत्या जागा आणि "नाही", "इल्ल" यांसारखे शब्द मोजून, त्यांचा अर्थ त्या त्या शाखेला विचारून दुरुस्ती करावी. आणि चेक कन्स्ट्रेंट सर्वांत शेवटी, शक्यतो रविवारी लावावा, कारण दरवाजातून न येणारा एखादा जुना प्रोग्राम कुठेतरी चालू असतोच, आणि तो कोणता हे काउंटर उघडण्यापूर्वी कळलेले बरे.