पापलेटच्या जुन्या वह्या: नुसती किलोंची बेरीज घेऊन जाऊ नका

ताई, आजोबांच्या सोसायटीच्या मासळीच्या वह्या सापडल्या आणि त्यांवरून पापलेटच्या किमान मापाबद्दल (ज्याहून लहान मासा पकडायचा नाही, ते माप) निवेदन द्यायचंय, हे वाचून राहवलं नाही. बारा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं.

फोटो काढणं वगैरे तुम्ही करालच. माझी चूक सांगतो. मी वर्षवार किलोंची बेरीज करून तक्ता पुढे ठेवला. मत्स्य खात्याच्या साहेबांनी खालचा आकडा पाहिला, "माल तर फारसा घटलेला नाही," म्हणाले आणि फाईल मिटली. दोन वर्षं हेलपाटे घातले, पण कोणी वही उघडूनसुद्धा बघितली नाही. अजून चीड येते.

पहाटे गेलेली बोट पूर्वी रात्री परत यायची. आता तेवढ्याच मालासाठी बर्फ भरून सहा-सात दिवस बाहेर राहावं लागतं. माझ्या तक्त्यात हे नव्हतंच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचंही असंच झालं: किनाऱ्यालगतचे मच्छीमार ओरडत होते, हिशेब मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर चालला होता आणि 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली.

म्हणून डिझेलची आणि बर्फाची वही आधी शोधा. फेरीला किती डिझेल जळलं त्यावरून बोट किती लांब गेली याचा अंदाज येतो.

दुसरं, मोठा-मधला-लहान हे रकाने एकत्र करू नका. 2023 मध्ये राज्याने 54 जातींची किमान मापं ठरवली, पापलेटला 135 मिमी. माझ्या बोटाच्या टोकापासून मोजलं तर ते तळव्याच्या मध्यावर संपतं. आमच्या 1960च्या वहीत एवढ्या पापलेटला रकानाच नाही! मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये हेच मांडलं होतं: मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्रच मूळचा समजते. माझ्या मते 135 हे माप तसंच, आजच्या समुद्राकडे बघून ठरलंय.

मी शास्त्रज्ञ नाही आणि माझा अनुभव दालदीचा, म्हणजे मासा अडकून बसतो त्या जाळ्याचा आहे. डोलीचं, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचं गणित वेगळं, डोलवाल्यांवर खापर फोडू नका.

जुन्या तांडेलांना (बोटीच्या म्होरक्यांना) "पूर्वी किती मिळायचं?" विचारलंत तर सगळे "खूप" म्हणतील. किती वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप) खोलीत जाळं सोडायचे, कुठल्या महिन्यात, आस (जाळ्याचं भोक) केवढा, हे विचारा. आमच्या एका तांडेलकाकांनी दोरी हातात घेऊन वाव मोजून दाखवले होते. ते मी तेव्हा लिहून घेतलं नाही, आणि आता काका नाहीत.