गॅस सेन्सरच्या फिल्म : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गॅस सेन्सरसाठी टिन ऑक्साइडची फिल्म, म्हणजे पातळ थर, स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) करते आहे. द्रावण ०.१ मोलर, हॉट प्लेटवर तापमान ४५० अंश. काही काचांवर पांढरी भुकटी बसते आणि बोट लावलं की निघून येते. काहींवर मात्र थेंबांच्या कडांसारखी वर्तुळं दिसतात. कृती तीच असताना असं का होतं?

उत्तर : दोन्ही दोष तापमानाचेच आहेत, पण उलट दिशेचे. काच फार तापलेली असली किंवा नोझल फार लांब असलं, की थेंब वाटेतच सुकतो, त्यातलं मीठ हवेतच विघटित होतं आणि काचेवर नुसती भुकटी पडते. काच थंड असली की थेंब ओला आदळतो, पसरतो आणि कडेने सुकत येतो, वर्तुळं त्याचीच. तुमच्याकडे दोन्ही दिसतात, याचा अर्थ काचेचं तापमान फवारणीभर स्थिर राहत नाही. प्लेटवरचा आकडा प्लेटचा असतो, काचेचा नव्हे. तितक्याच जाडीच्या वाया गेलेल्या काचेवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) घट्ट बसवा आणि फवारणी चालू असताना आकडा बघा. सलग फवारलं तर तो झपाट्याने उतरताना दिसेल. म्हणून ५ ते १० सेकंद फवारा, मग तापमान पूर्वपदावर येईपर्यंत थांबा आणि पुन्हा फवारा. यात घाई केली की फिल्म हमखास बिघडते.

सुरुवातीला हे आकडे धरा : काचेच्या पृष्ठभागावर ४०० ते ४२५ अंश, नोझल २५ ते ३० सेंटिमीटरवर, वेग मिनिटाला ३ ते ५ मिलिलिटर. मिथेनॉलमधल्या ५० मिलिलिटर द्रावणासाठी स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट १.७५ ग्रॅम लागतं. हे मीठ ओलावा फार ओढतं. बाटलीतले खडे चिकट, ओलसर दिसत असतील तर वजन केलेल्या ग्रॅममध्ये जास्तीचं पाणीही आलं आणि मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) कागदावरच राहिली. द्रावण गढूळ झालं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. फवारणीत आम्लाची वाफ सुटते, तेव्हा फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट) चालू हवाच.

काच आधी साबणाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन अशा क्रमाने धुवा. शेवटच्या पाण्याचा थर सगळीकडे सारखा पसरला तर काच स्वच्छ. तो तुटून थेंब झाले तर तेलकटपणा अजून शिल्लक आहे. नंतर फिल्म ५०० अंशांवर ॲनिल करायची (तापवून ठेवायची) असेल तर साधी काच टाळा. तिच्यातलं सोडियम फिल्ममध्ये शिरतं आणि रेझिस्टन्स बदलून टाकतं. क्वार्ट्झ किंवा ॲल्युमिना घ्या.

जाडीचा अंदाज वजनावरून येतो. २५ बाय २५ मिलिमीटरच्या काचेवर १ मिलिग्रॅम टिन ऑक्साइड बसलं असेल तर जाडी साधारण २३० नॅनोमीटर. फिल्म सच्छिद्र असेल तर प्रत्यक्षात याहून जास्त. त्यासाठी तराजू मात्र ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा.

प्रश्न : झिंक ऑक्साइडच्या फिल्मवर नायट्रोजन डायऑक्साइड सोडला की रेझिस्टन्स वाढतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र कमी होतो. फिल्ममध्ये दोष आहे का?

उत्तर : नाही, फिल्म अगदी बरोबर वागते आहे. झिंक ऑक्साइड एन-टाइप आहे, म्हणजे त्यात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात. तापलेल्या फिल्मवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि तिच्यातले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करून ते इलेक्ट्रॉन परत सोडवतो, म्हणून रेझिस्टन्स उतरतो. नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच आणखी इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून चढतो. कॉपर ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइड घेतलं तर दोन्ही दिशा उलटतील, कारण ते पी-टाइप आहेत, म्हणजे त्यांत वीज इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वाहून नेतात.

प्रश्न : नायट्रोजन डायऑक्साइडसाठी कोणतं ऑक्साइड घ्यावं? १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे १०० भाग) प्रतिसाद, म्हणजे रेझिस्टन्समधला बदल, चांगला आला, तर काम झालं असं समजावं का?

उत्तर : टंगस्टन ऑक्साइडपासून सुरुवात करा. साधारण १५० ते २५० अंशांच्या टप्प्यात तापमान २५-२५ अंशांनी वाढवत जा आणि प्रत्येक ठिकाणी प्रतिसाद व पूर्वस्थितीला येण्याचा वेळ, दोन्ही नोंदवा. फार तापवलं की वायू पृष्ठभागावर टिकत नाही आणि प्रतिसाद घसरतो. फार थंड ठेवलं तर वायू चिकटून बसतो, फिल्म मूळ पातळीवर परतायला खूप वेळ घेते.

१०० पीपीएमवर मात्र थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक पातळी २४ तासांच्या सरासरीला २५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे जेमतेम १३ पीपीबी (अब्ज भागांत १३ भाग). १०० पीपीएम त्याच्या हजारो पट झाले. हवेच्या प्रदूषणासाठी फिल्म करत असाल तर चाचणी १ पीपीएमच्या खाली न्यायलाच हवी. उंच आलेखापेक्षा तिथला छोटा पण पुन्हापुन्हा तसाच येणारा प्रतिसाद आम्हाला कितीतरी मोलाचा वाटतो.

प्रश्न : ५ लिटरच्या बंद चेंबरमध्ये ठरावीक पीपीएम कसे तयार करायचे?

उत्तर : सिलिंडरमधली तीव्रता गुणिले सोडलेलं आकारमान, भागिले चेंबरचं आकारमान. १००० पीपीएमच्या सिलिंडरमधून ५ मिलिलिटर घेतले की ५ लिटरमध्ये १ पीपीएम होतो. द्रवाची वाफ हवी असेल तर २५ अंशांवर १ मायक्रोलिटर इथेनॉल पूर्ण उडाल्यावर सुमारे ८४ पीपीएम होतात, तेवढ्याच ॲसिटोनचे सुमारे ६६. आत छोटा पंखा ठेवा, नाहीतर वायू कोपऱ्यात राहतो आणि दोष फिल्मच्या माथी येतो. नायट्रोजन डायऑक्साइड रबराला चिकटतो. टेफ्लॉनची नळी आणि काचेची सिरिंज वापरा. पहिला डोस भिंतीच खातात, तेव्हा तो हिशेबात धरू नका. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत वासावर विसंबणं जिवावर बेतू शकतं, कारण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदनाच जाते. स्वतंत्र अलार्म लावल्याशिवाय तो सिलिंडर उघडू नका.

प्रश्न : सेन्सर कोरड्या हवेत उत्तम चालतो, दमट हवेत भरकटतो. शिवाय बेसलाइन (वायू सोडण्याआधीचा रेझिस्टन्स) रोज वेगळी येते.

उत्तर : नव्या फिल्मची बेसलाइन सरकणारच. ती वापराच्या तापमानावर निदान २४ तास ठेवा आणि तासाभरात १-२ टक्क्यांहून कमी बदल दिसेपर्यंत मोजमाप सुरू करू नका. त्यानंतरही आकडे उड्या मारत असतील तर संपर्क तपासा. व्होल्टेज उलटसुलट देऊन करंटचा आलेख काढा. तो सरळ रेषेत आला पाहिजे. सिल्व्हर पेस्ट असेल तर सोन्याचे इलेक्ट्रोड करून घ्या. उष्णतेत आणि व्होल्टेजखाली चांदी सरकते, हायड्रोजन सल्फाइडमध्ये ती काळीही पडते.

दमटपणात पाण्याचे रेणू ऑक्सिजनच्या जागा अडवतात आणि एन-टाइप फिल्मचा रेझिस्टन्स खाली आणतात. ठरावीक आर्द्रतेसाठी मिठांची संपृक्त द्रावणं पुरतात : २५ अंशांवर मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्के देतं, साधं मीठ ७५ टक्के. चेंबरमध्ये द्रावणाची बशी ठेवून, तळाशी न विरघळलेले खडे शिल्लक आहेत ना ते बघा. दोन्ही आर्द्रतांवर बेसलाइन आणि प्रतिसाद वेगवेगळे मोजा, शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि दुरुस्ती त्यावरून करा.

एक गोष्ट तातडीने तपासा : चेंबरचे सांधे सिलिकॉन सीलंटने बुजवले आहेत का? त्यातून सुटणारे सिलॉक्सेन (सिलिकॉनची उडून जाणारी संयुगं) तापलेल्या फिल्मवर सिलिका होऊन बसतात आणि पृष्ठभाग कायमचा झाकला जातो. त्याचा संशय असेल तर ती फिल्म बाजूला काढा, सांधे टेफ्लॉन गॅस्केटचे करा आणि नव्या फिल्मवरच पुढची मोजमापं घ्या.